ब्रेन ट्यूमर ‘कुठे’ आहे यावरून फिटचा धोका ठरतो का? एका लोकप्रिय वाक्याची तपासणी

ब्रेन ट्यूमरवरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, फिट या लक्षणाच्या परिच्छेदात एक वाक्य बहुतेक वेळा सापडतंच: फ्रंटल आणि टेम्पोरल लोबमधल्या ट्यूमरमध्ये फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं. हे वाक्य इतक्या ठिकाणी आहे की आपण ते वाचतो, खाली रेघ मारतो आणि पुढे जातो. आज या एका वाक्यापाशी थांबायचं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्यामागचे अभ्यास नेमकं काय मोजतात आणि आपण त्याचा काय अर्थ लावतो, यात बरंच अंतर आहे. पेटच्या मुलाखतीसाठी किंवा पहिल्या रिसर्च प्रपोजलसाठी तुम्ही पेपर वाचायला सुरुवात केली असेल, तर असं अंतर ओळखण्याच्या सरावासाठी हा विषय फार चांगला आहे.

प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही. समजा, एखाद्या माणसाच्या एमआरआयमध्ये ट्यूमर दिसला, पण त्याला आजवर एकदाही फिट आलेली नाही. तो डॉक्टरांना विचारणार: मला फिट येईल का? आत्तापासून गोळी सुरू करू का? स्कूटर चालवू की नको? गाठीची जागा बघून या प्रश्नांची उत्तरं देता आली असती तर सगळ्यांचंच काम सोपं झालं असतं. म्हणून ‘जागेचा आणि फिटचा संबंध आहे’ हे वाक्य कितपत वजन पेलू शकतं, ते बघायला हवं.

आधी थोडे आकडे

ट्यूमरच्या प्रकारानुसार फिटचं प्रमाण प्रचंड बदलतं, आणि याबद्दल फारसा वाद नाही. डीएनईटी आणि गँग्लिओग्लायोमा हे हळू वाढणारे ट्यूमर बहुतेक वेळा फिटमुळेच उघडकीला येतात. लो-ग्रेड ग्लायोमामध्ये अभ्यासागणिक साधारण 60 ते 90 टक्के रुग्णांना फिट येते. ग्लायोब्लास्टोमा कितीतरी आक्रमक, पण तिथे हा आकडा साधारण 30 ते 60 टक्के. मेनिंजिओमात ऑपरेशनपूर्वी सुमारे 30 टक्के. शरीरात दुसरीकडून मेंदूत पसरलेल्या कॅन्सरमध्ये साधारण 20 ते 35 टक्के.

म्हणजे ट्यूमर जितका संथ, तितकी फिटची शक्यता जास्त. पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं. पण संथ ट्यूमरभोवतीच्या कॉर्टेक्सला बदलायला, नवी जोडणी करायला वेळ मिळतो, आणि त्या बदललेल्या जाळ्यातून फिट उगम पावते असं मानलं जातं. ही यादी डोक्यात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

पहिली अडचण: प्रश्न उलटा झालाय

जागेचा आणि फिटचा संबंध ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे. लंडनमध्ये जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी फिट शरीराच्या कुठल्या भागात सुरू होते आणि कशी पसरते याची बारकाईने निरीक्षणं केली, आणि त्यावरून मेंदूतल्या बिघाडाची जागा सांगता येते हे दाखवलं. 25 नोव्हेंबर 1884 रोजी लंडनमध्येच रिकमन गॉडली यांनी एका तरुणाच्या मेंदूतला ग्लायोमा काढला. गाठीची जागा अलेक्झांडर ह्यूज बेनेट यांनी आधीच सांगितली होती, तीही एक्स-रेचा शोध लागण्याच्या 11 वर्षं आधी. शरीराच्या एका बाजूचे झटके आणि त्याच बाजूच्या हाताची वाढत गेलेली कमजोरी, एवढ्यावरून. गाठ सांगितलेल्या जागीच निघाली. रुग्ण मात्र महिन्याभरातच संसर्गाने दगावला.

1889 साली जॅक्सन आणि बीव्हर यांनी टेम्पोरल भागातल्या ट्यूमरचं एक प्रकरण प्रसिद्ध केलं. त्यात झटक्याच्या सुरुवातीला रुग्णाला घाणेरडा वास यायचा. इथेही लक्षणावरून जागा.

आता नीट बघा. जॅक्सन आणि बेनेट यांचा प्रश्न होता: फिट अशी आहे, तर गाठ कुठे असेल? आपल्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे: गाठ इथे आहे, तर फिट येण्याची शक्यता किती? पहिलं उत्तर पक्कं असलं म्हणून दुसरं आपोआप पक्कं होत नाही. मोटर कॉर्टेक्समधून सुरू झालेल्या फिटमध्ये हात उडतो, हे शंभर टक्के खरं असू शकतं. पण मोटर कॉर्टेक्सजवळ गाठ असलेल्या किती जणांना फिट येते, हे त्यावरून कळत नाही.

याचंच एक साधं रूप पेपरमध्ये वारंवार दिसतं. ‘फिट आलेल्या रुग्णांपैकी सर्वाधिक रुग्णांचा ट्यूमर फ्रंटल लोबमध्ये होता.’ ठीक आहे, पण छेद कुठाय? एक काल्पनिक उदाहरण घ्या. अ भागात ट्यूमर असलेले 150 रुग्ण, त्यातल्या 90 जणांना फिट. ब भागात 50 रुग्ण, त्यातल्या 35 जणांना फिट. फिट आलेल्यांमध्ये अ भागवाले खूपच जास्त, 90 विरुद्ध 35. धोका मात्र अ भागात 60 टक्के आणि ब भागात 70 टक्के. फ्रंटल लोब हा मेंदूचा सगळ्यात मोठा लोब आहे आणि ग्लायोमाही तिथे भरपूर होतात. नुसता अंश मोजला तर तो जवळपास नेहमीच पहिला येणार.

दुसरी अडचण: जागा की जात?

ही सगळ्यात महत्त्वाची अडचण, म्हणून इथे जरा वेळ घेऊ.

ग्लायोमामध्ये आयडीएच नावाच्या जीनमधलं म्युटेशन 2008 मध्ये समोर आलं. या म्युटेशनमुळे पेशीत डी-2-हायड्रॉक्सिग्लुटरेट नावाचं रसायन साठतं. त्याची रचना ग्लुटामेटसारखी असते, आणि ग्लुटामेट म्हणजे मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक. 2017 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या रुग्णगटांत म्युटेशन असलेल्यांपैकी 59 ते 74 टक्के लोकांना ऑपरेशनपूर्वी फिट आली होती, नसलेल्यांपैकी 18 ते 34 टक्के लोकांना. शिवाय हे रसायन प्रयोगशाळेत न्यूरॉनवर टाकलं की त्यांचं फायरिंग वाढतं, हेही त्यांनी दाखवलं.

आता दुसरी गोष्ट. आयडीएच म्युटेशन असलेले ग्लायोमा मेंदूत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. ते फ्रंटल लोबमध्ये जास्त सापडतात.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते कागदावर करून बघा. पुन्हा काल्पनिक आकडे. फ्रंटल ट्यूमरचे 100 रुग्ण, त्यात 70 जणांना म्युटेशन आहे, 30 जणांना नाही. इतरत्र ट्यूमर असलेले 100 रुग्ण, त्यात 30 जणांना आहे, 70 जणांना नाही. मानून चाला की जागेचा परिणाम शून्य आहे. म्युटेशन असेल तर कुठेही 70 टक्के फिट, नसेल तर कुठेही 30 टक्के. फ्रंटल गटात 49 अधिक 9, म्हणजे 58 जणांना फिट. इतर गटात 21 अधिक 21, म्हणजे 42 जणांना. 58 विरुद्ध 42! जागेचा काडीचाही संबंध नसताना ‘फ्रंटल लोबमध्ये फिटचा धोका जास्त’ असा निष्कर्ष हातात आला.

यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. टेम्पोरल लोबच्या बाबतीतही असंच घडू शकतं, कारण डीएनईटी आणि गँग्लिओग्लायोमा हे फिटसाठी प्रसिद्ध असलेले ट्यूमर टेम्पोरल लोबमध्येच जास्त आढळतात. त्यामुळे ज्या अभ्यासात लो-ग्रेड, हाय-ग्रेड आणि सगळे प्रकार एकाच टोपलीत टाकून लोबनुसार टक्केवारी काढली आहे, तिथे तुम्ही जागेचा परिणाम वाचताय की ट्यूमरच्या जातीचा, हे सांगता येत नाही.

मग सरळ मॉडेलमध्ये आयडीएच घातलं की झालं? इतकं सोपं नाही. आधी आपला प्रश्न काय आहे ते ठरवावं लागतं. ‘फ्रंटल कॉर्टेक्सचा स्वतःचा असा काही गुण आहे का, ज्यामुळे तिथे फिट सहज सुरू होते?’ हा कारणाचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी ट्यूमरची जात वेगळी काढावीच लागेल. पण ‘समोरच्या रुग्णाला फिट येण्याची शक्यता किती?’ हा अंदाजाचा प्रश्न आहे. ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांच्या हातात एमआरआय असतो, टिश्यू नसतो. तिथे जागा ही जातीची खूण म्हणून उपयोगी पडली तर काही बिघडत नाही. घोळ होतो तो पहिल्या प्रश्नाचं गणित करून दुसऱ्याचं उत्तर लिहिल्यावर, किंवा उलट केल्यावर. पेपर वाचताना ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द दिसला की थांबा. लेखकांना त्यातून कारण म्हणायचंय की खूण, हे बऱ्याचदा त्यांनीही ठरवलेलं नसतं.

तिसरी अडचण: छेदात कोण आलंच नाही?

2014 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात फ्रान्समधल्या 1509 प्रौढ लो-ग्रेड ग्लायोमा रुग्णांचा अभ्यास आला. निदानाच्या वेळेपर्यंत 89.9 टक्के रुग्णांना फिट आलेली होती. त्याआधी 2008 मध्ये 332 रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात हा आकडा 81 टक्के होता. दोन्ही काम मेहनतीचं आहे आणि दोन्ही वाचलेच पाहिजेत.

पण ‘निदान झालेले रुग्ण’ या शब्दांकडे लक्ष द्या. लो-ग्रेड ग्लायोमा वर्षानुवर्षं संथ वाढतो. माणूस एमआरआय कधी करून घेतो? बहुतेक वेळा फिट आल्यावर. म्हणजे फिट हाच या अभ्यासात शिरायचा मुख्य दरवाजा आहे. ज्यांना फिट आलीच नाही, त्यांच्यातले बरेच जण अजून घरी आहेत आणि छेदात नाहीत. डोक्याला मार लागला म्हणून स्कॅन केला आणि त्यात योगायोगाने ग्लायोमा दिसला, असे रुग्ण असतात. त्यांच्यावरून बाहेर राहिलेल्यांची कल्पना येते.

आता यात जागा आणा. भाषेच्या किंवा हालचालीच्या भागात गाठ असेल, तर फिट न येताही माणूस दवाखान्यात येतो, कारण बोलताना शब्द अडतो, हात जड होतो. उजव्या फ्रंटल लोबच्या पुढच्या, तुलनेने गप्प भागात गाठ असेल, तर फिटखेरीज दुसरं काही चटकन जाणवत नाही. त्यामुळे गप्प भागातल्या ट्यूमरची फिटची टक्केवारी मुळात असते त्याहून फुगलेली दिसणार. दरवाजाची रुंदी जागेनुसार बदलते.

इथेच टीका करताना घ्यायची एक काळजी सांगतो. नुसतं ‘बायस आहे’ म्हणून पेपर बाजूला ठेवू नका. बायस कुठल्या दिशेने ढकलतो ते विचारा. त्या फ्रेंच अभ्यासात फंक्शनल भागातल्या ट्यूमरचा फिटशी संबंध स्वतंत्रपणे दिसला. वर सांगितलेला बायस नेमका उलट दिशेने ढकलतो, तो गप्प भाग फुगवतो. म्हणजे तो असूनही हा निष्कर्ष टिकला. अशा वेळी आपला विश्वास कमी व्हायला नको, थोडा वाढायलाच हवा.

चौथी अडचण: फिट मोजली कुणी?

यातले बहुतेक अभ्यास जुन्या केसपेपरवरून केलेले असतात. केसपेपरवर फिट तेव्हाच लिहिली जाते, जेव्हा कुणीतरी तिला फिट म्हणतं. हातपाय उडाले, तोंडाला फेस आला, तर घरातला प्रत्येक जण फिट म्हणतो. पण टेम्पोरल लोब किंवा इन्सुलातली फिट पुष्कळदा गुपचूप येते: क्षणभर विचित्र वास, पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं वाटणं, ‘हे आधी घडून गेलंय’ असा भास, किंवा दोन मिनिटं हरवल्यासारखं बघत राहणं. आपल्याकडे रुग्ण याला ‘चक्कर येते’ म्हणतो, नातेवाईक ‘मधेच तंद्री लागते’ म्हणतात, आणि पेपरवर चक्कर हाच शब्द उतरतो.

म्हणजे मोजमापातली चूकही जागेनुसार बदलते. मोटर भागातली फिट सुटत नाही, टेम्पोरल भागातली सुटते. तुमच्यापैकी कुणी महाराष्ट्रातल्या रुग्णालयात अशा विषयावर डेटा गोळा करणार असेल, तर प्रश्नावलीत फक्त ‘फिट येते का? हो/नाही’ ठेवू नका. चक्कर, वास, तंद्री, आकडी, झटका हे सगळे शब्द वापरून वेगवेगळं विचारा. या एका बदलाने तुमचा डेटा बऱ्याच छापील अभ्यासांपेक्षा चांगला होईल.

रंगीत नकाशांचं काय?

अलीकडे लोबनुसार तक्ते मागे पडले आणि व्हॉक्सेलचे नकाशे आले. पद्धत थोडक्यात अशी. सगळ्या रुग्णांचे मेंदू एका साच्यात बसवायचे, मेंदूचे छोटे छोटे घन तुकडे करायचे, म्हणजेच व्हॉक्सेल, आणि प्रत्येक तुकड्यासाठी विचारायचं: इथे ट्यूमर असलेल्यांना फिट जास्त येते का? उत्तर ‘हो’ आलं तर तो तुकडा लाल. ही पद्धत मुळात 2003 च्या सुमारास स्ट्रोकच्या रुग्णांमधल्या भाषेच्या अडचणी समजून घेण्यासाठी पुढे आली.

नकाशा बघायला छान असतो आणि म्हणूनच धोकादायक असतो. 1 लाख व्हॉक्सेल आणि 0.05 ची सीमा ठेवली, तर काहीच संबंध नसतानाही सरासरी 5,000 तुकडे लाल होतील. त्यामुळे दुरुस्ती केली आहे का, कुठल्या पद्धतीने, हे आधी शोधा. दुसरं, ज्या तुकड्यात दोन-तीनच रुग्णांचा ट्यूमर होता, तिथे लाल नाही याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, ‘माहिती नाही’ असा होतो. किती रुग्ण कुठे होते याचा वेगळा नकाशा दिलेला असावा. तिसरं, ट्यूमर मेंदूला ढकलतो, त्यामुळे साच्यात बसवतानाच जागा सरकू शकते. आणि ग्लायोमा एमआरआयवर दिसतो त्या कडेच्या पलीकडेही झिरपलेला असतो.

चौथा मुद्दा खोलवरचा आहे. 2014 मध्ये 581 स्ट्रोक रुग्णांच्या स्कॅनवरून असं दाखवलं गेलं की रक्तवाहिन्यांच्या ठरावीक रचनेमुळे शेजारचे व्हॉक्सेल एकत्रच बिघडतात, आणि त्यामुळे नकाशातली ‘जबाबदार जागा’ खऱ्या जागेपासून सरकते. ट्यूमरलाही आवडीच्या जागा असतात, फक्त त्या रक्तवाहिन्यांनी ठरत नाहीत. तेव्हा नकाशातला लाल डाग ‘इथे फिट तयार होते’ हे सांगतो, की ‘इथे आयडीएचवाले ट्यूमर बसतात’ हे? दुसरी अडचण इथे नव्या कपड्यात परत आली.

मग उरतं काय?

बरंच काही उरतं. ट्यूमर कॉर्टेक्सला भिडलेला आहे की नाही, हा फरक जवळपास सगळीकडे टिकतो. 2008 च्या अमेरिकी अभ्यासातही कॉर्टेक्समधल्या ट्यूमरचा फिटशी संबंध दिसला. सेरिबेलम किंवा ब्रेनस्टेममधल्या ट्यूमरमुळे फिट क्वचितच येते. आणि मेनिंजिओमा इथे एक सुंदर पडताळणी देतो. तो मेंदूच्या आवरणातून वाढतो, ग्लायोमाच्या आयडीएचचा इथे काही प्रश्नच नाही. तरीही कवटीच्या तळाशी असलेल्या मेनिंजिओमापेक्षा कॉर्टेक्सवर दाब देणाऱ्या मेनिंजिओमात फिट जास्त दिसते, आणि भोवती सूज असेल तर आणखी जास्त. वेगळ्या जातीच्या ट्यूमरमध्येही तोच संबंध दिसला, म्हणून इथे जागेवर विश्वास ठेवायला जागा आहे.

यंत्रणेचे अभ्यासही गाठीच्या कडेकडेच बोट दाखवतात. ग्लायोमाच्या पेशी बाहेर ग्लुटामेट सोडतात. आजूबाजूच्या न्यूरॉनमधलं क्लोराइडचं संतुलन बिघडतं आणि एरवी शांत करणारा गाबा उत्तेजक ठरू शकतो. 2019 मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासांनी तर न्यूरॉन आणि ग्लायोमा पेशी यांच्यात प्रत्यक्ष सायनॅप्स असतात हे दाखवलं. हे सगळं ‘कुठला लोब’ यापेक्षा ‘कॉर्टेक्सशी किती आणि कसा संपर्क’ या प्रश्नाकडे नेतं. माझ्या मते या विषयात आता लोबचा आणखी एक तक्ता नको आहे. एकाच जातीच्या ट्यूमरमध्ये, एकाच म्युटेशनच्या गटात, कॉर्टेक्सशी असलेला संपर्क मोजून, निदानानंतर रुग्णांचा पाठपुरावा करणारा अभ्यास हवा आहे.

वाचताना सोबत ठेवायचे प्रश्न:

1. फिटची टक्केवारी कुठल्या छेदावर काढली आहे?
2. फिट कधीची? निदानाच्या वेळची, ऑपरेशननंतरची, की औषधाला दाद न देणारी? तिन्हींचे धोक्याचे घटक एकच असतील असं नाही.
3. ट्यूमरच्या जाती वेगळ्या केल्या आहेत की एकत्र?
4. रुग्ण अभ्यासात कुठल्या दरवाजाने आले?
5. लेखक कारण शोधताहेत की अंदाज बांधताहेत?

आणि सुरुवातीच्या त्या माणसाचं काय, ज्याला अजून फिट आलेली नाही? अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2000 सालीच सांगितलं होतं की फिट न आलेल्या ब्रेन ट्यूमर रुग्णांना केवळ प्रतिबंध म्हणून दीर्घकाळ फिटची औषधं सरसकट देऊ नयेत. 2021 मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या न्यूरो-ऑन्कॉलॉजी संघटनांनी हा प्रश्न पुन्हा तपासला आणि तोच सल्ला कायम ठेवला. ट्यूमरची जागा, प्रकार, ग्रेड किंवा म्युटेशन बघून कुणाला निवडून औषध द्यावं, असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. शतकभराहून जुना विषय, हजारो रुग्णांचे अभ्यास, आणि तरीही ‘गाठ फ्रंटल लोबमध्ये आहे, तर गोळी सुरू करा’ असं म्हणता येत नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्याखाली रेघ मारलेली असेल, तर शेजारी एवढंही लिहून ठेवा.